शेअर कोसळल्यावर संचालकांना जाब कसा विचारायचा

आमच्या मजल्यावरचे काका रविवारी सकाळी चहाला येतात ते मोबाईल पुढे धरूनच. "४१२ला घेतला होता. आज ८८. तीनशे शेअर. सव्वा लाखाचे सव्वीस हजार झाले. या लोकांना कोर्टात खेचलं पाहिजे."

"कशासाठी?" मी विचारलं.

"कशासाठी म्हणजे? भाव बघ ना!"

"भाव पडणं हा गुन्हा नाही, काका. एजीएमची, म्हणजे वार्षिक सभेची, नोटीस आली होती का?"

"तो मेल? भलंमोठं पुस्तक जोडलेलं होतं त्याला. डिलीट केला."

बहुतेकांचं असंच होतं. हातात असलेली एकमेव वस्तू आपण डिलीट करतो आणि मग टीव्हीवरच्या अँकरवर ओरडतो. मी वकील नाही, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा नोंदणीकृत सल्लागारही नाही. सभांना जाणारा, नोटिसा वाचायची वाईट सवय लागलेला एक जुना भागधारक आहे. काकांना दोन-तीन रविवार बसून जे सांगितलं, ते इथे क्रमाने लिहितो. सगळं नोंदणीकृत, म्हणजे बाजारात लिस्टेड असलेल्या भारतीय कंपन्यांबद्दल आहे.

पहिलं काम: राग नेमका कशावर आहे ते ठरवा

शेअर पडण्याची तीन कारणं असतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा. सगळा बाजारच पडला असेल तर संचालकांना दोष देऊन उपयोग नाही. २०२०च्या जानेवारीतल्या उच्चांकापासून मार्चमधल्या तळापर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के खाली आला, २३ मार्च २०२० या एका दिवसात सेन्सेक्स १३ टक्के आपटला. त्या वेळी चांगल्या-वाईट सगळ्याच कंपन्या भुईसपाट झाल्या होत्या. धंदाच मंदीत असेल तर त्याच धंद्यातल्या दुसऱ्या दोन कंपन्यांचा आलेख शेजारी ठेवून बघा. त्याही तितक्याच पडल्या असतील तर प्रश्न वेगळा होतो. पण बाजार जागेवर, भाऊबंद कंपन्या जागेवर आणि तुमचीच खड्ड्यात गेली असेल, तर मात्र आत काहीतरी घडलं आहे.

ते काय घडलं, हे एका वाक्यात लिहायचं. 'मॅनेजमेंट चोर आहे' हे वाक्य नाही, तो उद्गार आहे. 'प्रमोटरच्या (म्हणजे कंपनीचा ताबा असलेल्या मूळ मालकाच्या) दुसऱ्या कंपनीला कर्ज दिलं', 'नफा दाखवला पण रोकड आली नाही', 'विलीनीकरण मोडलं आणि कारण सांगितलं नाही', अशी वाक्यं हवीत. ज्या वाक्यात कोणीतरी घेतलेला एक निर्णय आहे, त्यावरच पुढची सगळी इमारत उभी राहते. काकांना हे वाक्य लिहायला दोन रविवार लागले.

दुसरं: कागद काढा

बीएसई आणि एनएसई या दोन्ही एक्स्चेंजच्या, म्हणजे शेअर बाजारांच्या, साइटवर प्रत्येक कंपनीचं पान असतं. तिथे कंपनीने दिलेल्या सगळ्या सूचना तारखेनुसार सापडतात. ज्या दिवशी भाव आपटला त्याच्या आधीचे आणि नंतरचे दहा दिवस नीट वाचा. बातम्या नंतर वाचा, कारण बातमीदारही हेच वाचून लिहितो.

मग वार्षिक अहवाल. तो पहिल्या पानापासून वाचायला गेलात तर अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोपाशीच झोप लागेल. मी या जागा बघतो: ऑडिटरचा अहवाल, त्यातही त्यांनी एखाद्या बाबीकडे मुद्दाम लक्ष वेधलं आहे का ते. संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांचं टिपण, म्हणजे प्रमोटर, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या इतर कंपन्यांशी झालेली देवघेव. संभाव्य देणी. रोख प्रवाहाचा तक्ता. तीन वर्षं नफा दिसतोय आणि धंद्यातून येणारी रोकड उणे आहे, असं असेल तर पेन उचला. स्वतंत्र संचालक, म्हणजे प्रमोटरशी हितसंबंध नसलेले संचालक, किती बैठकांना हजर होते तो तक्ता. आणि संचालक मंडळाच्या अहवालाच्या जोडपत्रात एक मजेशीर आकडा असतो: प्रत्येक संचालकाचा पगार कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे. नोंदणीकृत कंपनीला तो द्यावाच लागतो. भाव अर्ध्यावर आलेल्या वर्षी ही पट वाढली असेल तर तुमचा अर्धा प्रश्न तयार झाला.

दर तिमाहीनंतर २१ दिवसांत भागधारणेचा तक्ता येतो. त्यात प्रमोटरचे किती शेअर तारण ठेवलेले आहेत तो रकाना सोडू नका. भाव पडला की सावकार जादा तारण मागतो, ते मिळालं नाही तर शेअर विकतो, त्याने भाव आणखी पडतो. २०१९च्या जानेवारीत झी वाहिन्यांच्या एस्सेल समूहाच्या शेअरांचं हेच झालं. झी एंटरटेनमेंट एका दिवसात सुमारे २६ टक्के पडला आणि पुढे कर्ज फेडता फेडता तिथला प्रमोटरांचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास आला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कागदांइतकंच पायांचंही महत्त्व आहे. जेनसोल इंजिनीअरिंगबद्दल सेबीने १५ एप्रिल २०२५ला अंतरिम आदेश काढला. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी सरकारी वित्तसंस्थांकडून घेतलेलं कर्ज भलतीकडे वळवल्याचं त्यात मांडलेलं आहे. माझं लक्ष मात्र वेगळ्याच परिच्छेदावर अडकलं. एनएसईचा माणूस ९ एप्रिलला कंपनीच्या चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यावर गेला, तर तिथे दोन-तीन कामगार आणि उत्पादन काहीच नाही. मग महावितरणची बिलं तपासली. बारा महिन्यांतलं सगळ्यात मोठं बिल दीड लाखाच्या थोडं वर! गाड्या बनवणाऱ्या कारखान्याचं! हजारो गाड्यांच्या मागणीच्या घोषणा ऐकून शेअर घेणाऱ्यांत पुणेकर असतीलच की. चाकण नाशिक रस्त्यावर आहे, चंद्रावर नाही. तुमच्या कंपनीचा कारखाना, दुकान, शाखा जवळ असेल तर एकदा गेटवरून चक्कर मारून या. पाळी सुटताना किती माणसं बाहेर पडतात ते मोजायला परवानगी लागत नाही.

मध्येच एक कडू गोष्ट: विकायचं का?

भांडण आणि गुंतवणूक वेगळी ठेवा. 'आज हा शेअर माझ्याकडे नसता तर ८८ला घेतला असता का?' याचं उत्तर नाही असेल, तर भांडायला एक-दोन शेअर ठेवून बाकीचे काढून टाकायला हरकत नाही. एक शेअर असला तरी तुम्ही भागधारकच असता. सभेत बोलता येतं, मतही देता येतं. घसरणाऱ्या शेअरला ॲव्हरेज करून, म्हणजे पडत्या भावात आणखी घेऊन, सूड उगवता येत नाही.

तोटा झालाच तर निदान कराच्या कामाला लावा. अल्पकालीन भांडवली तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच.

तिसरं: कंपनी सचिवाला पत्र

प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला कंपनी सचिव आणि अनुपालन अधिकारी असतो. त्याचा ई-मेल अहवालात आणि एक्स्चेंजच्या पानावर असतो. डीमॅटला जोडलेल्या ई-मेलवरूनच लिहा. डीपी आयडी, क्लायंट आयडी (हे डीमॅट खात्याचे क्रमांक) आणि शेअरांची संख्या वर लिहा, म्हणजे 'आपण भागधारक आहात का' या प्रश्नात आठवडा जात नाही.

पत्रात तीनपेक्षा जास्त प्रश्न नकोत. प्रत्येकात पान क्रमांक हवा. काकांचं पहिलं पत्र असं होतं: 'आपण आम्हा मध्यमवर्गीयांच्या कष्टाच्या पैशांवर डल्ला मारला आहे.' दुसरं आम्ही बसून लिहिलं: 'अहवालाच्या पान १८७ वरील टिपणानुसार प्रवर्तकांच्या खासगी कंपनीला दिलेली आगाऊ रक्कम दोन वर्षांत दुप्पट झाली आहे. ही रक्कम कोणत्या मालासाठी होती, त्यातला किती माल आला, आणि ऑडिट समितीने तिला कोणत्या तारखेला मंजुरी दिली?' पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आठव्या दिवशी आलं. गुळमुळीत होतं, पण लेखी होतं. लेखी गुळमुळीत उत्तर पुढे फार कामाला येतं.

भाव कधी वाढेल, हे विचारू नका. ते सांगणं त्यांना शक्यही नसतं आणि जी बातमी बाजाराला दिलेली नाही ती फक्त तुम्हाला देणं बेकायदा ठरेल. तिमाही निकालानंतर विश्लेषकांशी होणाऱ्या कॉलचं ध्वनिमुद्रण आणि शब्दशः टिपण मात्र कंपनीला जाहीर करावं लागतं. ते वाचा. विश्लेषकाने नेमका तुमचाच प्रश्न विचारलेला असतो आणि उत्तर 'आपण हे नंतर ऑफलाइन बोलू' असं असतं. हे 'ऑफलाइन' शब्द अधोरेखित करून ठेवत जा.

चौथं: सभा

पूर्वी मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागृहात किंवा पाटकर हॉलमध्ये सभा असायची. बाहेर ओळखीचे चेहरे, आत नाश्त्याचं खोकं. त्या खोक्यात सामोसा आहे की ढोकळा यावरून अध्यक्षांना धारेवर धरणारे भागधारक मी पाहिले आहेत, आणि त्याच दमात 'आपल्या नेतृत्वाखाली कंपनी उत्तुंग भरारी घेवो' म्हणणारेही. कोविडनंतर बहुतेक सभा व्हिडिओवर आल्या. खोकं गेलं, पण नाशिक-लातूर-पणजीच्या माणसालाही घरबसल्या बोलता यायला लागलं, हे मोठंच काम झालं.

वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत घ्यावी लागते. बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांना पाच महिन्यांत. म्हणजे मार्चअखेर वर्ष असेल तर जुलै ते सप्टेंबर हा आपला हंगाम. नोटीस २१ दिवस आधी येते. त्यातच 'वक्ता म्हणून नोंदणी' असा परिच्छेद असतो, त्याला स्वतंत्र मुदत असते आणि ती सभेच्या काही दिवस आधीच संपते. नोटीस आल्याच्या दिवशीच नोंदणीचा मेल टाका. नंतर टाकू म्हणणारा दर वर्षी राहतो.

बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. माझी तयारी अशी असते: मजकूर मोठ्या अक्षरात कागदावर, घड्याळ लावून दोनदा वाचलेला. नमस्कार आणि नाव, बस. अभिनंदन नाही. पहिल्या तीस सेकंदांत पहिला प्रश्न. कारण मॉडरेटर 'आपली वेळ संपली' म्हणतो तेव्हा बहुतेक लोक अजून अध्यक्षांच्या आजोबांच्या आठवणीत असतात. मराठीत बोललात तरी चालतं, मुंबई-पुण्याच्या कंपन्यांच्या सभांत मी कायम मराठीतच बोलतो. आकडा आणि पान क्रमांक मात्र सावकाश, दोनदा सांगा.

प्रश्न कोणाला विचारायचा, हेही ठरवा. सगळे अध्यक्षांना विचारतात आणि अध्यक्ष सगळ्यांना एकत्र उत्तर देताना नेमका तुमचा गाळतात. त्याऐवजी ऑडिट समितीच्या अध्यक्षांचं नाव घेऊन विचारा; सभेला हजर राहणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. 'हा व्यवहार समितीपुढे आला तेव्हा आपण कोणता स्वतंत्र मूल्यांकन अहवाल पाहिला?' असा प्रश्न स्वतंत्र संचालकाला विचारला की स्क्रीनवरच्या छोट्या चौकोनात कोणीतरी पाणी प्यायला लागतं.

स्वतंत्र संचालकांना का धरायचं, त्याचं उदाहरण सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं. १६ डिसेंबर २००८ला सत्यमच्या मंडळाने अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी जोडलेल्या दोन मायटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. मंडळात नावाजलेली माणसं बसली होती, तरी ठराव झाला. गुंतवणूकदारांनी इतका गदारोळ केला की काही तासांत कंपनीला माघार घ्यावी लागली. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ला, रामलिंग राजूंचं कबुलीपत्र आलं. ताळेबंदातल्या खोट्या रोकडीची भोकं बुजवायला तो सौदा हवा होता. मंडळाने जे अडवलं नाही ते भागधारकांच्या आरडाओरड्याने अडवलं.

पाचवं, आणि खरं: मत

मत हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे आणि छोटा भागधारक नेमका तिथेच गैरहजर असतो. 'माझ्या तीनशे शेअरांनी काय होणार' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता कागद-पेन्सिल घेऊनच उत्तर देतो.

ठराव दोन प्रकारचे. साध्या ठरावाला विरोधापेक्षा जास्त मतं पुरतात. विशेष ठरावाला विरोधाच्या निदान तिप्पट मतं लागतात, म्हणजे ७५ टक्के. आणि ही टक्केवारी एकूण शेअरांची नसते, पडलेल्या मतांची असते. समजा कंपनीचे १०० शेअर आहेत. ५० प्रमोटरकडे, ते सगळे मत देणार. लोकांकडच्या ५० पैकी फक्त २० मतं पडली. एकूण ७०. त्यातली १८ विरोधात गेली तर बाजूने उरली ५२. १८ची तिप्पट ५४. ठराव पडला! अर्धी कंपनी हातात असलेला प्रमोटर १८ शेअरांपुढे हरला.

हे नुसतं गणित नाही. टाटा मोटर्समध्ये २०१४ साली कार्यकारी संचालकांच्या मोबदल्याचे विशेष ठराव ७५ टक्क्यांपर्यंत पोचले नाहीत. नंतर कंपनीने संस्थांची समजूत काढून जानेवारी २०१५मध्ये ते पुन्हा मतदानाला आणून मंजूर करून घेतले. ऑगस्ट २०२१मध्ये आयशर मोटर्सचे व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा आणि पगाराचा ठराव सुमारे ७३ टक्के मतं मिळूनही पडला. आयशरचा शेअर काही कोसळलेला नव्हता, राग पगारावर होता. कंपनीने पगाराची कमाल मर्यादा खाली आणली आणि मग मंजुरी मिळाली.

आता झी. आपल्या घराघरांत झी मराठी लागतं, म्हणून हे उदाहरण काकांना चटकन कळलं. २०१८च्या सुरुवातीला सहाशेच्या घरात असलेला हा शेअर २०२४च्या अखेरीस सव्वाशेच्या आसपास होता. सोनीबरोबरचं विलीनीकरण जानेवारी २०२४मध्ये मोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एका झटक्यात सुमारे ३० टक्के गेले. २८ नोव्हेंबर २०२४च्या वार्षिक सभेत मुख्य कार्यकारी अधिकारी पुनीत गोयंका यांच्या संचालकपदी फेरनियुक्तीचा साधा ठराव होता. बाजूने ४९.५४ टक्के, विरोधात ५०.४६. एका टक्क्याहूनही कमी फरकाने पडला. पुढे जुलै २०२५मध्ये प्रमोटरांना वॉरंट, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, देऊन त्यांचा वाटा ४ वरून १८ टक्क्यांच्या पुढे न्यायचा विशेष ठराव आला, त्याला साडेएकोणसाठ टक्के मिळाले आणि तोही बारगळला. प्रमोटरकडे शेअर कमी असले की बाकीच्यांच्या मताला किंमत येते, ती अशी. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या: संचालकपद गेलं तरी गोयंका मुख्य कार्यकारी अधिकारी राहिले. मंडळातली खुर्ची आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भागधारकाचं मत पहिलीवर चालतं.

प्रत्यक्ष मत देणं पाच मिनिटांचं काम आहे. तुमचं डीमॅट एनएसडीएलचं की सीडीएसएलचं (आपले शेअर या दोन संस्थांकडे नोंदलेले असतात) ते बघा, त्यांच्या ई-व्होटिंगच्या पानावर ओटीपीने आत जा, कंपनीचं नाव निवडा, ठरावागणिक बाजूने किंवा विरोधात दाबा. खिडकी निदान तीन दिवस उघडी असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होते. एकदा दिलेलं मत बदलता येत नाही. नोटिशीत एक कट-ऑफ तारीख असते. त्या दिवशी तुमच्या नावावर जितके शेअर, तितकी मतं.

सगळ्याला डोळे मिटून 'विरोध' दाबणं हा आळसच आहे. हिशेब मंजूर करणं, लाभांश, यांना माझा सहसा विरोध नसतो. मी थांबतो ते चार ठिकाणी: आळीपाळीने निवृत्त होऊन पुन्हा उभा राहणारा संचालक, पगार, प्रमोटरशी होणारे मोठे व्यवहार आणि प्रमोटरला दिले जाणारे शेअर किंवा वॉरंट. यातल्या प्रमोटरशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांच्या ठरावात संबंधित पक्षांची मंजुरीची मतं धरली जात नाहीत, तिथे निकाल इतर भागधारकांच्याच हातात असतो. आणि १ एप्रिल २०२४पासून नोंदणीकृत कंपनीतल्या बहुतेक संचालकांना निदान पाच वर्षांतून एकदा भागधारकांपुढे यावंच लागतं. खुर्चीला चिकटून कायमचं बसता येत नाही.

सहावं: सोबत जमवा

काही दारं एकट्यासाठी उघडतच नाहीत. मतदानाचा हक्क असलेल्या भांडवलाचा दहावा हिस्सा हातात असलेले भागधारक असाधारण सभा मागू शकतात. मंडळाने २१ दिवसांत पावलं उचलून ४५ दिवसांच्या आत सभा घेतली नाही, तर मागणी करणारे स्वतः घेऊ शकतात. इन्व्हेस्को या मोठ्या भागधारक फंडाने २०२१मध्ये झीकडे अशी मागणी केली तेव्हा कंपनीने नकार दिला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मार्च २०२२मध्ये खंडपीठाने भागधारकांच्या बाजूने निकाल दिला: मागणी संख्येत आणि पद्धतीत बसत असेल तर ती शहाणपणाची आहे का, हे ठरवणं मंडळाचं काम नाही.

संचालकाला हटवण्याच्या ठरावाची विशेष सूचना द्यायला १ टक्का मताधिकार किंवा दर्शनी किमतीने (बाजारभावाने नव्हे, शेअरच्या मूळ छापील किमतीने) पाच लाख रुपयांचे शेअर लागतात. दर्शनी किंमत १० रुपये असेल तर पन्नास हजार शेअर. पन्नास कुटुंबांनी हजार-हजार शेअरांची मोट बांधली तर अशक्य नाही. पण हे करताना कंपनी सचिवाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाकडून मसुदा तपासून घ्या. तारखेची एक चूक आणि नोटीस टोपलीत.

छोट्या भागधारकांचा संचालक अशीही एक तरतूद आहे. दर्शनी किमतीने २० हजार रुपयांपर्यंत शेअर असलेले किमान १,००० जण, किंवा अशा भागधारकांपैकी दहावा हिस्सा, यांतली जी संख्या कमी असेल तितक्यांनी सूचना द्यायची. कायद्यात शब्द 'नेमू शकते' असा आहे, त्यामुळे अपेक्षा बेताची ठेवा.

या सगळ्यापेक्षा मला व्यवहार्य वाटतो तो म्युच्युअल फंडांचा रस्ता. कंपनीत कोणत्या फंडाचा वाटा आहे ते भागधारणेच्या तक्त्यात दिसतं. एप्रिल २०२२पासून फंडांना सगळ्या ठरावांवर मत द्यावं लागतं आणि कोणतं मत का दिलं ते आपल्या साइटवर जाहीर करावं लागतं. तुम्ही त्या फंडाचे युनिटधारकही असाल तर दुहेरी हक्काने लिहा: 'गेल्या वर्षी पगाराच्या ठरावाला आपण पाठिंबा दिलात. यंदा नफा निम्म्यावर आला आहे. यंदा काय करणार?' तुमचे तीनशे शेअर त्यांच्या तीस लाखांना हलवू शकतात. आयआयएएस, एसईएस, इनगव्हर्न या मतदान-सल्लागार संस्था ठरावांवर अहवाल काढतात, त्यांना कागदांसकट माहिती पाठवायलाही कोणाची आडकाठी नाही.

व्हॉट्सॲप गट काढाल तर एक पथ्य पाळा. 'ऐकलंय की', 'आतली बातमी' असं काही टाकू नका. ते खोटं निघालं तर अब्रुनुकसानीचा दावा, खरं निघालं तर आतल्या माहितीवर व्यवहार केल्याचं लचांड. जाहीर कागदाचा फोटो आणि पान क्रमांक, एवढंच.

सातवं: सेबी आणि त्यापुढे

सेबीची स्कोअर्स ही तक्रार यंत्रणा चांगली आहे, पण ती कशासाठी आहे हे कळलं नाही तर मनस्ताप होतो. 'भाव पडला' ही तक्रार तिथे टिकत नाही. कंपनीने माहिती दडवली, चुकीची दिली, लाभांश आला नाही, नोटीस आली नाही, अशा नेमक्या गोष्टी टिकतात. आधी कंपनीला लिहा. म्हणूनच ते लेखी गुळमुळीत उत्तर जपून ठेवायला सांगितलं. मग स्कोअर्सवर पॅनसह नोंदणी करून तक्रार टाका, घटनेपासून वर्षाच्या आत. कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत फेरतपासणी मागा, ती एक्स्चेंजकडे जाते. तिथेही नाही झालं तर पुन्हा १५ दिवसांत सेबीकडे. १८०० २२ ७५७५ या टोल-फ्री क्रमांकावर मराठीतही बोलतात.

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची पायरी शेवटची. छोट्या भागधारकांवर अन्याय आणि गैरकारभार या कारणांखाली जायचं तर शंभर भागधारक, किंवा एकूण भागधारकांचा दहावा भाग, किंवा दहावा हिस्सा भांडवल लागतं. सामूहिक दाव्यासाठी नोंदणीकृत कंपनीत २ टक्के भांडवल किंवा शंभर भागधारकही चालतात. तिथे धंद्यातला फसलेला निर्णय नेऊ नका. कारखाना चुकीच्या गावात बांधला, चुकीच्या वेळी कर्ज काढलं, यात न्यायाधिकरण पडत नाही. पैसा कोणाच्या तरी खिशात गेला असेल तर पडतं. वकिलाची फी आणि तारखांचा हिशेब करूनच उतरा.

निकालाचा कागद

मतदान संपल्यावर दोन कामाच्या दिवसांत कंपनी निकाल एक्स्चेंजवर टाकते. तो कोणी उघडत नाही, मी मात्र पेपराआधी उघडतो. प्रत्येक ठरावाखाली तीन ओळी असतात: प्रमोटर, संस्था आणि इतर लोक. कोणाकडे किती शेअर होते, किती मतं पडली, बाजूने किती, विरोधात किती. संस्थांच्या ओळीत विरोध वाढलेला दिसला तर पुढच्या वर्षीच्या नोटिशीची भाषा मवाळ होते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

काकांनी यंदा आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. निकाल आला तेव्हा आम्ही दोघांनी तो टेबलावर मांडला. पगाराचा ठराव मंजूर झाला होता. बाजूने ७९ टक्के. काका हिरमुसले. मग मी त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवर नेलं. 'इतर लोकां'कडे कंपनीचे जवळजवळ तिसरा हिस्सा शेअर होते आणि त्यांतले शंभरातले चारही मताला आले नव्हते. काका चष्मा वर करून बराच वेळ तो आकडा बघत राहिले.

"हे सगळे कुठे होते?"

"तुम्ही मागच्या वर्षी होतात तिथेच."

त्यांनी आता ई-मेलमध्ये कंपनीच्या नावाचा वेगळा फोल्डर केला आहे. त्यात सध्या दोनच मेल आहेत. एक सभेच्या नोटिशीचा, दुसरा यंदा लाभांश नाही हे सांगणारा.